सहा पुंकेसर

"हात लावू नका! विष आहे ते!" कुंपणापलीकडून ब्रेमरबाई ओरडल्या.

फरंगीस मावशी वाफ्यात उकिडवी बसून जांभळी फुलं खुडत होती. तिनं मान वर करून "सुप्रभात" म्हटलं आणि पुढचं फूल खुडलं.

हांबुर्गच्या या बागवसाहतीत बागेसाठी जमिनीचा तुकडा भाड्यानं मिळायला मावशी नऊ वर्षं थांबली होती. आता ब्रेमरबाईंनी वसाहतीच्या समितीला कळवलं होतं, की शेजारची इराणी बाई विषारी फुलं लावते, कशासाठी ते देव जाणे. तक्रार खरी ठरली, तर तो तुकडा काढून घेतला जाणार होता. आठ वाजता अध्यक्ष ल्युट्के पाहणीला आले.

"वाळवंटातल्या माणसांना फुलांतलं काय कळणार?" ब्रेमरबाई त्यांना म्हणाल्या. "तिकडे बायकांना शाळेत तरी कुठे जाऊ देतात!"

माझं डोकं तापलं. "मावशी, मी बोलू?" मी फारसीत विचारलं.

"तू टोपली धर, राणी. तोंड उघडू नको."

ल्युट्केंनी सोबत आणलेलं फुलांचं पुस्तक उघडलं. कुरणातल्या विषारी फुलाचं चित्र हुबेहूब आमच्या फुलासारखं होतं. त्यांचा चेहरा पडला. "बाई, वाईट वाटतं, पण..."

"मोजा." मावशीनं फूल उकललं. "पिवळे पुंकेसर किती?"

"तीन."

"विषारी फुलात सहा असतात. खाली लिहिलं असेल."

ल्युट्केंनी वाचलं. "सहा," ते पुटपुटले.

"आणि हे तीन लाल तंतू म्हणजे केशर."

"पुस्तकात काय, काहीही छापतात!" ब्रेमरबाई म्हणाल्या.

"मग खरंखुरं विषारी फूलच मोजा की. तुमच्या सफरचंदाखाली आहे."

आम्ही सगळे कुंपणापलीकडे गेलो. झाडाखाली, एकही पान नसलेली जांभळी फुलं उभी होती. ब्रेमरबाईंनी स्वतः मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"सहा," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं मी यांना पाणी घालतेय! उपटू का?"

"कशाला? सुंदर आहेत. नातवंडांना तेवढी तोंडात घालू देऊ नका."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ल्युट्केंनी तक्रारीचे दोन तुकडे करून खिशात टाकले. "तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"मीच शिकवायचे. इराणात, काएन गावी, मुलींच्या शाळेत. अकरा वर्षं."

इथं आल्यापासून बावीस वर्षं मावशी इस्पितळात चादरींच्या घड्या घालते. तिला हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"उद्या खुडायला मी आले तर चालेल?" ब्रेमरबाईंनी हळूच विचारलं.

"तुमचं पाऊल माझ्या डोळ्यांवर!"

"डोळ्यांवर?" त्या दचकून मागे सरकल्या.

"या म्हणतेय ती," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत त्या आल्या. मावशीनं त्यांना आपलं स्टूल दिलं आणि स्वतः मातीत बसली. लाल तंतू चिमटीत कसे धरायचे ते दाखवलं. ब्रेमरबाईंचा पहिला तंतू अर्ध्यात तुटला.

"पुन्हा," मावशी म्हणाली.

तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. ब्रेमरबाई ताठ बसल्या आणि त्यांनी दुसरं फूल उचललं.