नवव्या शुक्रवारचा डाग

मित्रांनो, थोडे लांब उभे राहून ऐका. मी एक जुना रुमाल आहे, आणि मला वास येतो.

आमच्या चर्चमध्ये दर शुक्रवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. ती संपली की लोक रांगेने पुढे येतात आणि हातात धरलेल्या छोट्या क्रुसावरच्या येशूच्या पायांचे चुंबन घेतात. प्रत्येकानंतर ते पाय पुसावे लागतात. ते काम माझे. एक चुंबन, एक पुसणे, पुढची घडी. एक चुंबन, एक पुसणे, पुढची घडी.

माझ्या अंगावर जे आहे, तेच माझे चरित्र. डागाडागाने सांगतो.

पांढरा

तेव्हा मी असा होतो. वेदीवरच्या मोठ्या कापडातून एक तुकडा उरला. एका सिस्टरने त्याच्या चारी कडा दुमडून टाके घातले आणि मी जन्मलो. मोठे कापड वेदीवर गेले, मी सेवेकरी काकांच्या हातात. एकाच ताग्यातले आम्ही. पण त्याच्या वाट्याला मेणबत्त्या आल्या आणि माझ्या वाट्याला थुंकी.

लाल, चहाचा, आणि ज्याचे नाव घेववत नाही तो

ओठांची लाली. चहा. सर्दी झालेल्या माणसांनी मागे ठेवलेला ऐवज. एका बाळाने तर चुंबन न घेता पाय चाटले.

शिसारी यायची. पण खरी शिसारी मला डागांची नव्हती. वाकण्यापूर्वी प्रत्येक जण तिरप्या डोळ्याने माझ्याकडे बघतो. काकांनी नीट पुसले ना? देवाच्या पायाला ओठ लावायला सगळे तयार. आधीच्या माणसाच्या ओठाचे मात्र वावडे. शाळेच्या मुख्याध्यापक बाई तर पाय दोनदा पुसून घेतात.

आणि चुंबन झाले की? त्याच बाई मला ओढून आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर चोळतात. पायांवर मी घाण, गुडघ्यावर मी औषध.

(भोक)

इथे डाग नाही. एका माणसाने अंथरुणाला खिळलेल्या बायकोसाठी माझा एक धागा ओढून नेला. धागा परत आला नाही. त्या धाग्याविषयी मी काही वाईट बोलणार नाही.

पिवळट, पुढे तपकिरी

हा डाग जात नाही. हाच सांगायचा आहे.

गल्लीच्या तोंडाशी एक मावशी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. तिच्या गालावर एक फोड आला, चिघळला, ओठापर्यंत सरकला. "कपड्यांना लागेल" म्हणून एकेक घर कमी झाले. तिने नवस केला : ओळीने नऊ शुक्रवार येशूच्या पायांचे चुंबन. एकही चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. आठ शुक्रवार तिने तोंडावर ओढणी धरून पार पाडले. नवव्या शुक्रवारी रांगेतच फोड फुटला. ओढणी भिजली.

रांग मागे सरकली.

"काका, हिला शेवटी उभं करा," बाई म्हणाल्या. "मागं लेकरं आहेत."

"आणि घरून प्रार्थना केली तर काय देवाला ऐकू येत नाही?" आणखी कोणी तरी म्हणाले.

"आठ वेळा आले की हो," मावशी म्हणाली. "आजचा एकच राहिलाय."

काका गोंधळले. माणूस वाईट नव्हे, पण रांगेला भिणारा. त्यांनी मला उलगडले आणि येशूच्या पायांवर पांघरले.

"रुमालावरून घे," ते म्हणाले.

ती वाकली. तिचे ओठ माझ्यावर टेकले. मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. उबदार, चिकट, उग्र. मला किळस आली. हलता आले असते तर मीही मागे सरकलो असतो, बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो असतो.

तिने मान वर केली. "काका, हा नववा धरायचा का?"

काकांनी मला मेलेल्या उंदरासारखे दोन बोटांनी उचलले आणि पाण्याच्या बादलीत टाकले.

"आधी सांगा ना. धरायचा का नाही?"

पहिल्या बाकावरून काठी वाजली. मला शिवणाऱ्या सिस्टर आता थकल्या आहेत, त्यांना नीट दिसत नाही. त्या आल्या, बादलीत हात घालून मला पिळले, मावशीला बाकावर बसवले आणि तिचा गाल टिपू लागल्या.

"दुखतं का गं?"

"दुखत नाही, सिस्टर. वास येतो ना?"

"येतो."

"मग?"

"मग काय. वास येतोय आणि मी बसलेय. उद्या दवाखान्यात जाऊ. मला रस्ता दिसत नाही, तू हात धर."

काका क्रूस घेऊन बाकापाशी आले. पायांवर काही नव्हते. "हा धरायचा नववा," ते म्हणाले. "मघाचा माझ्या खात्यावर."

तिने चुंबन घेतले. मग काकांनी पाय पुसण्यासाठी हात मागे नेला. मी सिस्टरांच्या हातात होतो. काका थांबले, रांगेकडे पाहिले, आणि पाय तसेच ठेवून स्वतः वाकले. त्यांच्यामागे त्या दिवशी कोणी आले नाही.

आता

मावशीचा गाल भरायला पाच महिने लागले. सिस्टर प्रत्येक वेळी सोबत गेल्या. वण राहिला. रांग मात्र अजून बरी झालेली नाही. बाई हल्ली घरचा रुमाल आणतात; रेशमी आहे, माझ्याशी बोलत नाही.

चर्चच्या कापडांना आता मावशीच इस्त्री करते. मित्रांनो, किळस कोणालाही येते. मला आली, सिस्टरांनाही आली असेल. ती आल्यावरही जवळ बसता येते का, एवढेच बघा. आणि मला धुताना फार घासू नका. विरलो आहे. मावशी मला सर्वांत शेवटी घेते, हलक्या हाताने इस्त्री फिरवते आणि घडी घालताना तो डाग आत दडपत नाही. वरच ठेवते.