राखीव माळ

वडीगोद्रीजवळच्या एका माळावर, नाल्याच्या पलीकडं, सरकारचं हरणबन होतं. काळविटांचे कळप तिथं मोकळे फिरायचे. नाल्याच्या अलीकडं बौद्ध वस्तीतल्या घरांनी गायरान फोडून वावरं केली होती. मुरूम असा कठीण, की पहिल्या साली नांगराचे फाळ वाकले. याच जमिनीसाठी चौसष्टच्या सत्याग्रहात तातेराव तुरुंगात जाऊन आला होता. तेव्हापासून वस्ती त्याच्या शब्दाबाहेर नव्हती.

मोठा दुष्काळ सरला आणि औरंगाबादहून वनखात्याचे साहेब आले. चावडीपुढं माणसं जमली. बन वाढवायचं ठरलंय, साहेब सांगू लागले. पाणवठे बांधू, उंच मचाण उभारू, लांबलांबून लोक बघायला येतील, तुमच्या गावाचं नाव होईल.

"हा माळ आता राखीव होणार," साहेब म्हणाले.

राखीव! तातेरावानं मान वर केली. हा शब्द वस्तीत घरचा होता. पंचायतीत वस्तीचा मेंबर बसला तो राखीव जागेवर. त्याचा थोरला पोरगा रामकिसन एसटीत लागला तोही राखीवमधून. राखीव म्हणजे आपलं. तिथं दुसऱ्या कुणाला बसता येत नाही.

तो उठून उभा राहिला. "साहेब, राखीव म्हंजे बिलकुल राखीव ना? दुसरं कोनी घुसनार न्हाई?"

"कोणीही नाही, बाबा."

तातेरावानं सर्जेराव पाटलाकडं बघितलं. दरसाल वस्तीचा बांध कोरणारा तो माणूस मिशीत हसत होता. हस लेका, तातेराव मनात म्हणाला, आता बघतो तुझ्या वखराकडं.

मोजणीच्या दिवशी साखळी नाल्यापर्यंत आली आणि थांबली.

"हद्द इथंच ठेवू. तुमची वावरं बाहेर राहतील," साहेब म्हणाले.

तातेराव पुढं झाला. "बाहेर? साहेब, आसं करू नका. आमची वावरं बी राखीवमधी घ्या. पाया पडतो."

साहेब बघतच राहिले. "तुमची हरकत नाही?"

"हरकत कहाची? आमचे बाप ह्याचीच वाट पाहत मेले."

साहेबांनी वस्तीच्या लोकांना विचारलं. तातेराव बोलला तेच सगळे बोलले. असा समजूतदार गाव आपण पाहिला नाही, म्हणत साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. साखळी पुढं सरकली.

हद्दीचे दगड वस्तीनंच रोवले, मजुरी न घेता. गोजरबाई एकटी बाई, नवरा दुष्काळात गेलेला. तिनं घरातली नीळ आणून चुन्यात कालवली. दगड निळे झाले. जय भीमचा असा आवाज उठला, की पलीकडचे काळवीट उधळले.

पेरणीचे दिवस आले. तातेराव तिफण घेऊन निघाला, तर दगडापाशी बद्रीनाथ उभा. गावातलाच पोरगा, बनाचा राखणदार म्हणून नवा खाकी सदरा घातलेला.

"तातेराव, तिफन माघारी घ्या."

"काहून रे?"

"राखीव हाय ना."

"म्हनूनच तर पेरून राह्यलो. राखीव हाय, आमचं हाय."

बद्रीनाथ हसला. मग तातेरावाचं तोंड बघून हसू गिळून म्हणाला, "अवो, हरनांसाठी राखीव. मानसानं आत पाय टाकायचा न्हाई. तुमीच मागून घेतलं म्हनं!"

तातेरावानं तिफण तिथंच सोडली, बैल मागून आलेल्या सुनेच्या हाती दिले आणि तसाच औरंगाबादची गाडी धरली. साहेबांनी ओळखलं त्याला, पाणीही दिलं.

"मी बाहेर ठेवत होतो, बाबा. आता नकाशा मुंबईला मंजूर झाला. माझ्या हातात काही राहिलं नाही."

"एका शब्दाचा घोटाळा झाला, साहेब. एकच शब्द."



परत आला तर वस्ती विहाराच्या ओट्यावर वाट बघत बसलेली. त्यानं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. गोजरबाई उठली.

"जिच्यापायी जेलात गेल्तास, ती सोताच्या तोंडानं देऊन आलास. म्या आता काय पेरू रे तात्या? माझं तोंड?"

तातेरावाला रडूही आलं नाही. घरातलं खुरपं घेऊन तो उन्हात माळाकडं चालू लागला. पहिल्या दगडापाशी बसला आणि रंग खरवडू लागला.

बद्रीनाथ शिट्टी वाजवत धावला. "सरकारी दगड हाय! गुन्हा लागंल!"

"दगड ठेव तुझा," तातेराव म्हणाला. "रंग आमचा हाय. तेवढा घेऊन जातो."

बद्रीनाथाच्या तोंडातली शिट्टी गळ्यात लोंबली. तो नाल्याकडं तोंड करून उभा राहिला.

थोड्या वेळानं पुढच्या दगडावर खुरप्याचा आवाज आला. गोजरबाई होती. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"तुझ्यासाठी न्हाई आले. नीळ माझी व्हती," ती म्हणाली.

चुन्याची निळी भुकटी दोघांच्या मांडीवर पडत होती. वरचा रंग निघाला. दगडाच्या बारीक खड्ड्यांतला काही केल्या निघेना. पलीकडून एक काळवीट नाला ओलांडून तातेरावाच्या नांगरलेल्या वावरात आला. सवयीनं तातेरावाचा हात कमरेच्या गोफणीकडं गेला. तिथंच थांबला.

काळविटानं मान उचलून त्याच्याकडं बघितलं, आणि वावरात बैठक मारली.