चार काड्या

घड्याळजीने दुकान बंद केलं त्याला तीन महिने झाले होते, आणि त्या तीन महिन्यांत त्याने घरातली सगळी घड्याळं दोनदा उघडून पुन्हा लावली होती. तिसऱ्यांदा त्याने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाला हात घातला तेव्हा ताई म्हणाली, "आता तरी सुखाने चालू दे त्याला. तू बरं करतोस म्हणून ते आजारी पडतं."

हे ताईने आपल्या मुलीला फोनवर सांगितलं असणार, कारण आठवड्याभरात भाचीकडून एक लांबलचक खोकं आलं. आत मेटल डिटेक्टर निघाला. एक दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढी काळी थाळी, मुठीजवळ चार बटणं आणि कानाला लावायचा हेडफोन. सोबत दोन ओळी होत्या: "मामा, जुनी नाणी शोधायचा लोकांना मोठा नाद असतो. तुझे कान बारीक आहेत, तुला जमेल. शनिवारी येते, मग दोघं मिळून शोधू."

घड्याळजी पुस्तकी माणूस. यंत्र जोडायच्या आधी त्याने माहितीपुस्तक तीनदा वाचलं, पेन्सिलने खुणा करत. प्रत्येक धातूचा आवाज वेगळा असतो, लोखंड घोगरं बोलतं आणि तांबं-पितळ स्वच्छ, हे त्याला फार आवडलं. त्याहून आवडली ती पहिल्या प्रकरणातली शिकवण. नवशिक्याने एकदम बाहेर पडू नये. आपल्याच अंगणात आपलीच नाणी मोजून खोल पुरावीत, प्रत्येकाजवळ एक काडी खोचावी आणि कान तयार होईपर्यंत तीच तीच ऐकावीत.

बाहेर पडायचं त्याच्या जिवावरच आलं होतं. मैदानावर कानाला डबे लावून झाडू मारल्यासारखा फिरणारा म्हातारा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकटचा तमाशा. पण ताईने आधीच बजावलं होतं, "मागच्या अंगणात खणायचं नाही. माझी झाडं आहेत."

"बोटभर खड्डा, ताई."

"बोटभर नाही नि नखभर नाही. मैदान काय ओस पडलंय?"

ताईचा शब्द त्याने आजवर कधी मोडला नव्हता. आईवडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि ताई एकोणीसची. त्याच वर्षी तिचं लग्न झालं आणि ती त्याला हाताला धरून या घरात घेऊन आली. "लोकांच्या बायका भांडीकुंडी आणतात, माझीने भाऊ आणला," असं दाजी चारचौघांत सांगत आणि मोठ्याने हसत. दाजी चाळीस वर्षांपूर्वी घर सोडून गेले. ताई राहिली, तोही राहिला. लग्न त्याने केलंच नाही. ताईशिवाय आपल्याला कोण आहे, असा प्रश्न त्याने स्वतःला कधी घातला नव्हता, कारण उत्तर ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी ताई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. फाटक कुरकुरलं, आणि घड्याळजी मागच्या दाराने अंगणात उतरला.

ताईचा हात लागला नाही अशी तिथे जागाच नव्हती. फुटक्या कपातसुद्धा रोप लावणारी बाई ती. फक्त पाण्याच्या टाकीमागे, भिंतीला लागून, दोन हात रुंदीचा एक पट्टा तेवढा उघडा होता. तिथे तिने कधी काही लावलं नव्हतं. टाकी भरून वाहिली की पाणी तिथूनच जायचं आणि दर वर्षी थोडी माती घेऊन जायचं. झाड नाही म्हणजे मोडतोड नाही, मग ताईला कळणारही नाही, एवढाच हिशेब त्याने केला.

तीन नाणी त्याने पुरली, पट्टी लावून मोजून. मग हेडफोन चढवला आणि थाळी जमिनीलगत हलवू लागला. पहिलं नाणं बोललं. दुसरं बोललं, जरा दुरून. तिसरं तर कुजबुजलं फक्त, पण त्याच्या कानाने ते टिपलं. चाळीस वर्षं टिकटिक ऐकलेले कान ते! तो लहान मुलासारखा खूश झाला. थाळी फिरवत फिरवत काड्यांच्या थोडा पुढे गेला.

तिथे चौथा आवाज आला.

त्याने थाळी मागे घेतली, पुन्हा नेली. आवाज जागचा हलला नाही. 'म्हणजे खरंच काहीतरी सापडलं की,' असं मनाशी म्हणत त्याने काडी खोचली आणि खुरपं घेतलं. वीतभर खाली मातीच्या गोळ्यात काहीतरी गोल लागलं. त्याने ते पाण्याखाली धरलं. माती सुटली आणि तळहातावर एक मनगटी घड्याळ राहिलं. काच तडकलेली, चामड्याच्या पट्ट्याच्या चिंध्या, पण बक्कल लावलेलंच.

ते घेऊन तो आत आपल्या टेबलाशी गेला. हत्यारं अजून तिथेच मांडलेली होती. पाठीचं झाकण गंजाने धरलं होतं. तेल सोडून, थोडं थांबून त्याने ते फिरवलं. डोळ्याला भिंग लावलं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाच्या आत बारीक सुईने आपला आकडा कोरायचा, ही त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादांची शिस्त. आयुष्यात त्याने हजारो आकडे कोरले होते. या झाकणात नुसता एक होता.

पहिलं घड्याळ. उस्तादांनी जे पहिल्यांदा एकट्याच्या हाती सोपवलं, ते दाजींचं घड्याळ. "मेहुणे, बंद पाडलंत तर तुमच्या ताईला परत पाठवीन," असं हसत हसत म्हणाले होते दाजी. ताई तेव्हा हसली नव्हती.

हाताला विचार करावा लागत नाही. टेबलावर घड्याळ आलं की चिठ्ठी लिहायची, ही चाळीस वर्षांची सवय. नाव: दाजी. तक्रार: बंद. आल्याची तारीख त्याने आजची घातली. परत दिल्याची तारीख, जागा मोकळी. चिठ्ठी घड्याळाखाली सरकवली आणि दोन्ही खणात ठेवली. मग तो थांबला.

दाजी गेले ते दोन दिवस तो उस्तादांबरोबर दुसऱ्या गावी मनोऱ्यावरचं घड्याळ लावायला गेला होता. परत आला तर घर शांत होतं. ताईचा डावा हात गळ्यात बांधलेला; पायरीवरून पडले, म्हणाली. आणि दाजी? "सकाळी सहाच्या गाडीने गेले. घड्याळात बघितलं, उशीर होतोय म्हणाले, आणि गेले." शेजाऱ्यांना तिने हेच सांगितलं, चौकशीला आलेल्या हवालदाराला हेच सांगितलं, चार वर्षांच्या मुलीला हेच सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

घड्याळात बघितलं.

तो पुन्हा अंगणात गेला. घड्याळाच्या काडीपासून आत, हातभर अंतरावर, यंत्र स्वच्छ वाजलं. त्याने खणलं नाही, काडी खोचली. मग खालच्या अंगाला बराच वेळ काहीच नाही. त्याला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात घोगरा आवाज आला. त्याच्या शेजारीच दुसरा, अगदी तसाच. लोखंड. दोन काड्या, जवळजवळ.

दाजींच्या बुटांना टाचेखाली लोखंडी नाल ठोकलेले होते. गल्लीच्या तोंडापासून खट् खट् ऐकू यायचं, आणि स्वयंपाकघरात ताईचे हात थांबायचे.

हेडफोन गळ्यात घेऊन तो उभा राहिला. मनगट. कमरेच्या पट्ट्याचं पितळ. दोन टाचा. त्याला आणखी एक आठवलं. त्याच आठवड्यात टाकीच्या नळासाठी दाजींनी इथे लांबलचक चर खणून घेतला होता. तो गावाहून परतला तेव्हा चर बुजवलेला होता. नळ दुसरीकडून न्यायचं ठरलं, असं ताई म्हणाली होती.

फाटक कुरकुरलं. त्याने नाणी उकरली, काड्या उपटल्या, पायाने माती सारखी केली. नाण्यांच्या तीन काड्या भिंतीपलीकडे टाकल्या. उरलेल्या चार खिशात घातल्या तेव्हा बोटांना त्या मोजायच्या नव्हत्या, तरी बोटांनी मोजल्याच.

संध्याकाळी ताईने चहा पुढे ठेवला. डोळ्यांत औषध घातल्यामुळे ती किलकिलं बघत होती. "काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"चालतं."

"सापडलं काही?"

"माझीच नाणी."

"स्वतःच पुरायची नि स्वतःच उकरायची! धन्य आहे." ती हसली. "कुठे पुरलीस?"

"कुंडीत," तो म्हणाला. ताईशी तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला असावा. ताईने त्याच्या नखांकडे पाहिलं.

"ताई, दाजी गेले त्या दिवशी..."

"सहाच्या गाडीने गेले," ती म्हणाली. "घड्याळात बघितलं, उशीर होतोय म्हणाले, आणि गेले. आज कुठून आठवलं?"

"असंच."

"चहा घे. गार होतोय."

त्याने कपाकडे पाहिलं, मग ताईच्या डाव्या हाताकडे. तो कोपरात कधी पूर्ण सरळ झाला नव्हता. त्याने चहा घेतला. झोपण्यापूर्वी खण उघडायचं त्याला धाडस झालं नाही.

सकाळी उघडला. घड्याळ नव्हतं. चिठ्ठी होती, आणि परत दिल्याची तारीख भरलेली होती. समोर ताईची सही, ठळक, जरा वर चढलेली.

माहितीपुस्तक टेबलावर उघडं पडलं होतं. पान चौदा. त्यावर त्याचीच पेन्सिल: 'खिळे, तारा, लोखंडी कचरा असलेल्या जागी यंत्र गोंधळते.'

तो मागच्या दारात आला. ताई टाकीमागे ओणवी होती. दाजींच्या हत्यारांच्या पेटीतला गंजलेल्या खिळ्यांचा डबा तिच्या पायाशी होता, जवळजवळ रिकामा. ती खुरप्याने माती उकरत होती, मूठभर खिळे टाकत होती, माती ओढत होती. जणू पेरणीच चालली होती.

"ऊठ, ताई. कंबर धरेल."

तिने वर पाहिलं नाही. "घड्याळ काढायला हवं होतं. ते राहिलं तेव्हापासून मनात. मी म्हणत राहिले घड्याळात बघितलं, घड्याळात बघितलं... आणि ते इथे." तिने डबा उपडा केला. "बक्कल निघेना. एका हाताने निघत नाही रे ते."

त्याला पुष्कळ विचारायचं होतं. त्याने एवढंच विचारलं, "तिला काय सांगायचं?"

"काही नाही. चाळीस वर्षं बाप येईल म्हणून फाटकाकडे बघणारी पोर ती. यंत्र गोंधळलं, म्हणायचं. तुझं पुस्तकच म्हणतंय."

घड्याळजीने रिकामा डबा उचलला. पुस्तक त्याने तीनदा वाचलं होतं. ताईने चौदावं पान वाचलं होतं. पंधराव्या पानावर काय आहे ते त्याला पाठ होतं, आणि ते सांगावं की नाही याचा निर्णय होईपर्यंत फाटक कुरकुरलं.

भाची वाऱ्यासारखी आली. आईच्या गळ्यात पडली, मामाच्या टकलावर टपली मारली. "काय रे खजिनदार? किती हंडे सापडले?"

"मैदानावर जाऊ," तो घाईने म्हणाला.

"तू? मैदानावर? चार लोकांत?" ती हसत सुटली. "आधी इथेच शिकव मला." यंत्र उचलून ती अंगणात गेलीसुद्धा. कुंड्यांच्या रांगेतून थाळी जाईना. शेवटी ती टाकीमागे वळली, आणि यंत्राने एकच कल्लोळ मांडला.

"मामा! इथे तर सगळीकडेच वाजतंय!"

"भंगार आहे ग. यंत्र गोंधळतं."

"हो ना, सोड ते," स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताई म्हणाली. "हातपाय धू, खाऊन घे."

"थांब ग आई, यावर काहीतरी असतं. दुकानदाराने दाखवलं होतं मला." भाची बटणं चाचपू लागली. "लोखंड गाळायचं बटण. कुठलं रे मामा?"

पान पंधरा. वरून तिसरं. "मला नाही आठवत," घड्याळजी म्हणाला.

"तुला? तीनदा वाचलंस ना?" तिने एक दाबलं, दुसरं दाबलं. तिसरं दाबलं आणि थाळी फिरवली. हेडफोन तिने लावलाच नव्हता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. खिळे गप्प झाले होते. पट्टाभर शांतता होती. मग मधोमध, एकाच जागी, पितळ बोललं. स्वच्छ, गोल, थाळी नेईल तितक्यांदा.

"बघ! याला म्हणतात कान!" भाची खाली बसली आणि पडलेलं खुरपं तिने उचललं. "माती पण भुसभुशीत आहे."

आपण कधी पुढे झालो ते घड्याळजीला कळलं नाही. त्याचा उजवा पाय बरोबर त्या जागेवर होता.

"मामा, पाय काढ ना."

तो हलला नाही. भाचीने हसत त्याच्याकडे वर पाहिलं, आणि त्याचा चेहरा पाहिल्यावर तिचं हसू जरा जरा कमी होत गेलं. तिने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. खिडकी रिकामी होती.

मागच्या दाराची कडी वाजली. ताई एकेक पायरी उतरत आली आणि शेवटच्या पायरीवर बसली. ओले हात तिने पदराला पुसले, मग उजव्या हाताने डावं कोपर धरलं. तिच्या मांडीवर तडकलेल्या काचेचं ते घड्याळ होतं.

"काढ रे पाय," ती म्हणाली.