एकाच बाकावर दोघं

आमच्या गावात आरोग्य स्वयंसेविका मीच आणि नूडल्सची गाडीही माझीच. त्यामुळे लोक खाता खाता मला पोटातलं सगळं सांगतात.

तीन मुलांची आई लामयाई एकदा कुजबुजली, "मावशी, चौथं नको. पण प्रयूनला कळू देऊ नका, नाराज होईल." मी तिला गुरुवारी तालुक्याच्या दवाखान्यात जायला सांगितलं. दोनच दिवसांनी तिचा नवरा प्रयून आला. "मावशी, नसबंदी करायचीय. लामयाईला सांगू नका, रडेल ती." मी साळसूदपणे त्यालाही गुरुवारच सांगितला.

गुरुवारी ती बाजाराला म्हणून निघाली, तो मोटरसायकलचा टायर बदलायला. दवाखान्यात दोघं एकाच बाकावर भेटले.

"हा तुझा बाजार?" प्रयूनने विचारलं.

"आणि टायर इथे बदलतात वाटतं?"

नर्सबाईंनी हसू आवरत दोघांना आत घेतलं. नसबंदीनंतरही तीन महिने आणि पुढची तपासणी होईपर्यंत जपावं लागतं, म्हणून तोवर लामयाईने इंजेक्शन घ्यावं, असं ठरलं.

"तरीही राहिलं तर?" लामयाईने विचारलं.

"तर काढेबिढे घेऊ नकोस, लगेच इथे ये," नर्सबाई म्हणाल्या. "बारा आठवड्यांपर्यंत गर्भपाताला तुझी इच्छा पुरते, आपल्या देशाचा कायदाच आहे तसा."

प्रयूनची नसबंदी त्याच दिवशी झाली, म्हणून परतताना मोटरसायकल लामयाईने चालवली. प्रयून मागे, नव्या नवरीसारखा एका बाजूला पाय सोडून बसला होता. गाव आठवडाभर हसलं. मग हसणाऱ्यांतल्याच तिघांनी मला हळूच दवाखान्याचा वार विचारला.