शिवाचं आवतान

गव्हाण गावाहून यायची ती धवलारीण तापाने आडवी झाल्याचा निरोप सकाळीच आला आणि वरच्या पाड्यात हिरामणच्या मांडवात बायकांचे हात थांबले. उंबराची डहाळी रोवून झाली होती, हळद कुटून ठेवली होती, हिरामणची लेक दमयंती पाटावर बसली होती. पण देव बोलावणार कोण? धवलारणीने धवला गाऊन आधी देवांना आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी आवतण द्यायचं, बाकीच्या बायकांनी तिची ओळ झेलायची, मगच नवरीला हळद लागायची. जासईच्या खाडीकडच्या त्या आगरी गावात याच्यावाचून लग्न लागल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

गावात धवलारीण नव्हती असं नाही. खालच्या पाड्यात पुतळाआई होती. हिरामणचं लग्न तिच्याच गळ्यावर लागलं होतं, त्याच्या धाकट्या भावाचं, शिवाचंही. पण पाच वर्षांपूर्वी, छप्पन सालच्या पावसाळ्यात, खारबांधाची उघाडी कधी उघडायची यावरून दोन्ही पाड्यांत जुंपली. शेतातलं पाणी खाडीला सोडायचं ते दार. वरच्यांना उघडं हवं होतं, खालच्यांना बंद. त्या मारामारीत पुतळाआईच्या मुलाने, गोटीरामने, शिवाच्या डोक्यात फावडं घातलं. शिवाचा जीव बांधावरच गेला. गोटीराम तुरुंगात गेला. त्यानंतर वरच्या पाड्याचा माणूस खालच्या पाड्याच्या मयतालाही गेला नव्हता.

शिवाची बायको काशी मागच्या पडवीत तांदूळ पाखडत होती. विधवेने मांडवात पुढे होऊ नये, हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं. अचानक मांडवातली कुजबुज बंद पडली. सूप तसंच धरून ती दाराशी आली.

मांडवाच्या तोंडाशी पुतळाआई उभी होती. एकटी, अनवाणी. पाच वर्षांत तिची कंबर वाकली होती.

हिरामण पुढे झाला. त्याचा आवाज चढला नाही. "कशाला आलीस?"

"गव्हाणवाली येत नाय, कलला मना," पुतळाआई म्हणाली. "तुजी पोर देव बोलावल्याबिगर नांदायला जायची काय?"

"तुज्या गल्याचे देव नको आमाला. चालती हो."

म्हातारीला कोणी मारील या भीतीने खालच्या पाड्याचे दहा-बारा बाप्ये काठ्या घेऊन तिच्या मागून येत होते. त्यांच्या मागे बायका. ते दिसताच वरच्या पाड्याच्या पोरांनी मांडवाचे उरलेले वासे उचलले. दमयंती पाटावरून अर्धी उठली. सुमित्राबाईने, तिच्या आईने, तिला खांदा धरून खाली बसवलं.

पुतळाआईने कोणाकडेच पाहिलं नाही. तिने डोळे मिटले आणि गळा लावला.

"धाडा गं आवतान, डोंगराच्या वाटेनं, येऊ दे गं आईला, लेकीच्या मांडवाला."

देवीची ओळ संपली. ती झेलायला कोणी नव्हतं. न झेललेली ओळ म्हणजे अपशकून. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावले. पुतळाआईने तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा कोणी नाही. मग ती देव सोडून थेट घरच्या माणसांवर आली. हिरामणच्या आज्याचं नाव घेतलं. बापाचं घेतलं. एकटीच गात राहिली, आवाज चिरत होता. आणि मग म्हणाली,

"धाडा गं आवतान, खारीच्या वाटेनं, येऊ दे गं शिवाला, लेकीच्या मांडवाला."

जिच्या पोराने त्याला मारलं, ती त्याला लग्नाला बोलावत होती. हिरामणचं तोंड उघडंच राहिलं. खालच्या पाड्याच्या बाप्यांच्याही काठ्या होत्या तिथेच थांबल्या.

तेवढ्यात ओळ झेलली गेली.

आवाज कोणाचा हे काशीला आधी कळलंच नाही. सगळी माणसं आपल्याकडे का वळली, म्हणून तिनेही मागे वळून पाहिलं. मागे रिकामी पडवी होती. तिच्याच गळ्यातून शब्द येत होते. "येऊ दे गं शिवाला." नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. पोलिसांनी जबानीत विचारलं तेव्हाही थोरल्या दिरालाच सांगावं लागलं होतं. सूप हातातून सुटलं, तांदूळ पायांवर सांडले, पण ओळ तिने पुरी केली.

पुतळाआईने डोळे उघडले. काशीला वाटलं, म्हातारी आता पडणार. पण तिने तीच ओळ परत उचलली, आणि या वेळी काशीबरोबर सुमित्राबाईने झेलली. मग मांडवातल्या बायकांनी. मग मागून, काठीवाल्यांच्या पाठीमागून, खालच्या पाड्याच्या बायकांनी. शिवाचं नाव दोन्ही बाजूंनी येऊ लागलं आणि बाप्ये मधे सापडले. ज्याला बोलावणं चाललं होतं त्याच्या वाटेत काठी उगारायची कशी, हे कोणाला सुचेना. हिरामण मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. त्याला रडताना गावाने शिवाच्या मयतालाही पाहिलं नव्हतं. एकेक वासा खाली ठेवला गेला.

देव बोलावणं पुरं व्हायला ऊन डोक्यावर आलं. दमयंतीला हळद लागली. पुतळाआई जायला वळली तेव्हा काशी तिच्या समोर आली.

"मी तुज्या पोराला माफ केला नाय," काशी म्हणाली.

"मी मागाया आले नाय," पुतळाआई म्हणाली. "मीच त्याला अजून केला नाय."

मग हिरामण उठून म्हणाला, "जेवून जा. आनि त्या मागच्यांनापन बोलव. ते उनात उभे हायेत."

खालचा पाडा पाच वर्षांनी वरच्या पाड्यात जेवायला बसला. भात वाढणाऱ्या बायका कोणाच्या तोंडाकडे न बघता वाढत होत्या. पण त्याच पंगतीत कोणीतरी उघाडीचा विषय काढला, आणि दर पावसाळ्यात दोन्ही पाड्यांच्या दोन-दोन माणसांनी मिळून ती उघडायची, असं ठरलं. ते टिकलं.

गोटीराम चौसष्ट साली सुटून आला. कोणी त्याच्या वाटेला गेलं नाही. काशी त्याच्याशी कधीच बोलली नाही. रस्त्यात दिसला की ती पदर ओढून बाजूला व्हायची. पण त्याच्या घरी ती रोज दुपारी जाई. पुतळाआईची नजर जाऊन ती घरातच बसून होती, आणि तिला येत होता तेवढा सगळा धवला ओळीओळीने काशी तिच्याकडून शिकून घेत होती.