दिवस बुडायच्या आत

"हीबी खोली नको," म्हणत आप्पासो जिना उतरूनही गेला. राजमती वरच उभी राहिली. सकाळपासून हेच चाललं होतं. एका खोलीखाली कासाराची ठोकाठोक, दुसरीसमोर तालीम. नवऱ्याला सगळीकडे खोट दिसत होती, आणि पायांना भिंगरी लागल्यासारखा तो पुढं धावत होता.

खरं तर खोली हवी होती त्याच्याच पोटासाठी. आप्पासो देवळाजवळच्या कापडदुकानात गुमास्ता. राहायला पार गावाबाहेर, नव्या शाहूपुरी पेठेत, गुळाच्या गाड्यांच्या खडखडाटात. दिवस बुडाल्यावर जेवायचं नाही हा जैनाघरचा नेम, आणि तो घरी पोचेतो अंधार पडलेला. मग उपाशीच आडवा व्हायचा आणि वर म्हणायचा, "भूकच न्हाय." ते ऐकून राजमतीला रडू यायचं.

अखेर एका बोळात हवी तशी खोली सापडली. स्वच्छ, उजेडाची, दुकान हाकेच्या अंतरावर. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

"लई निवांत हाय की!" आप्पासो दिवसभरात पहिल्यांदा हसला.

"व्हय पावणं." मालकीण तानाबाई उंबऱ्याबाहेरच उभी होती. "गाठीच्या तापात, त्या पलेगात, समदी रानात झोपड्या घालून ऱ्हायलीती. निम्मी परत आलीच न्हाईत. या खोलीत माझा ल्योक आन सून ऱ्हायची, तीबी त्यातच गेली. आदी सांगितल्यालं बरं. लोक ऐकत्यात आन जात्यात."

आप्पासोचा चेहरा उतरला. "चल, दुसरी बघू."

राजमतीच्याही अंगावर काटा आला होता. पण उन्हं भिंतीच्या टोकाला गेली होती. शाहूपुरी गाठेतो आजही अंधारच होणार होता. तिला एकाएकी संताप आला. गेलेल्यांना भिऊन हा माणूस आणखी किती दिवस उपाशी झोपणार होता?

"मी न्हाय येत," ती म्हणाली. "मावशी, चूल पेटवू? दिस बुडायच्या आत ह्यास्नी वाढायचं हाय."

तानाबाईनं घाईनं जाऊन सुपात पीठ, डाळ आणली. "कोरडा शिधा हाय. तुमच्यात चालतंय न्हवं?"

राजमतीनं पाणी गाळून घेतलं, भाकरी थापली. उजेड होता तोवर आप्पासो ताटावर बसला आणि मान खाली घालून भराभर जेवू लागला.

ती दार लोटायला उठली. तानाबाई पायरीवर पाठमोरी बसली होती.

"दार नगं लावू पोरी," ती म्हणाली. "लई दिसांनी हितं कुनीतरी जेवतंय, ऐकू दे जरा."

राजमतीनं दार सताड उघडलं आणि नवऱ्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.