डोळा कुंदाबाईचा

“सांधे दुखतात का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नही हो. तसं काही नही,” जीवराम म्हणाला.

विचारलं होतं कुंदाबाईला. पण बायकोच्या वाटणीची उत्तरं देण्यात जीवरामचा जन्म गेला होता. आज तर त्याला धाकही होता. इथे जळगावच्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालणारा समाधान हा त्यांच्या मुलीच्या, भूमिकाच्या होणाऱ्या नवऱ्याचा चुलतभाऊ निघाला होता. आईला वात आहे हे नशिराबादला, पोरीच्या होणाऱ्या सासरी कळलं, तर दुखणं खानदानी म्हणून पोरीची सोयरीक मोडतील. याच भीतीपायी, पाहुणे मुलगी बघायला आले त्या दिवशी जीवरामने कुंदाबाईच्या वाताच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या होत्या. पुन्हा आणल्याच नाहीत.

तेव्हापासून डोळा तिसऱ्यांदा लाल झाला होता. कुंदाबाई लग्नांतून मांडे करायची, म्हणून जीवरामने दोष चुलीच्या धुरावर ढकलला. यावलच्या मेडिकलमधून तेच ते थेंब आणायचे, लाली गेली की बंद करायचे. या वेळी मात्र उजेड सोसवेना आणि समोरचं माणूस ओळखू येईना.

“हे साधे डोळे आलेले नाहीत,” डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. “आतून सूज आहे, अशी सूज वातातूनही येते. बाहुली मागे चिकटलीय. नीट सांगितलं नाहीत तर डोळा जाईल. सांधे दुखतात का?”

“सांगतलं ना, नही!”

कुंदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीचं लग्न तिलाही हवंच होतं. पण हा मेला तिच्या डोळ्याचा सौदा करून मोकळा! तिने सुजून वाकडी झालेली बोटं टेबलावर ठेवली.

“नऊ वर्षं झाली, बाई. सकाळी मूठ वळत नही, कंबर उठू देत नही. गोळ्या ह्यायनं फेकल्या.”

जीवराम खाऊ की गिळू असा बघू लागला. समाधान बाटली धरून तसाच उभा.

“तूबी सांग रे घरी,” ती त्याला म्हणाली. “बठ्ठं सांग, काही लपवू नको.”

“गेलेली नजर सगळी येणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उरलेली वाचवू. सांध्यांच्या डॉक्टरांशी मी आत्ताच बोलते.”

परतीच्या बसमध्ये जीवराम दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. यावल आल्यावर मागे न बघता उतरला आणि चालू लागला. डोळ्यांत घातलेल्या औषधाने तिला पायरी दिसत नव्हती. कुंदाबाईने दांडा धरला, पायाने पायरी चाचपली आणि एकटीच खाली उतरली.